डॉक्टरांचं माळरान

हॅरोमधल्या त्या घरी मी खोली बघायला गेले तेव्हा डॉक्टरांनी दार उघडलं आणि नमस्काराच्या आधी म्हणाले, "खोलीला ओल आहे. रेडिएटर मनात आलं तरच तापतो. आधीची भाडेकरू याच दोन कारणांनी सोडून गेली. तरीही बघायची आहे का?"

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अहो, तिला आधी आत तरी येऊ द्या."

नागपूरहून व्हिसावर आलेली मी तोवर एजंट लोकांच्या गोड बोलण्याला विटले होते. 'प्रशस्त' म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामधून माणूस आडवा होऊन जाऊ शकतो आणि 'स्टेशनजवळ' म्हणजे मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी गेली की उशी हलते, हे मला पाठ झालं होतं. इथे कुणीतरी ओल आहे असं आपणहून सांगत होतं. मी खोली घेतली. ओल होती आणि रेडिएटर तापत नव्हता. म्हणजे सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे निघालं.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. मी राहायला गेले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या हॉस्पिटलमधल्या गोष्टी त्यांच्या बायकोकडून, म्हणजे काकूंकडून, ऐकायला मिळत. बाकीचे डॉक्टर सुई घेऊन "थोडंसं टोचल्यासारखं वाटेल हं" म्हणत. हे म्हणत, "टोचेल. दुखेल. मग दुखायचं थांबेल." पेशंटना हे फार आवडत असे म्हणे. हॅरोतल्या मराठी मंडळींना मात्र नाही. दिवाळीच्या फराळाला एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "करंजी कशी झालीय, डॉक्टर?" तर हे म्हणाले, "सारण खवट आहे." ते खवट होतंच. पण त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही.

तेव्हापासून काकूंनी नियम केला होता. कुणी काही कसं झालंय असं विचारलं आणि खरं उत्तर वाईट असलं, तर डॉक्टरांनी बोलायचं नाही, खोकायचं. डॉक्टर विसरले तर काकू स्वतः खोकून आठवण करून देत. त्यामुळे हॅरोपासून ईलिंगपर्यंत सगळ्या मराठी घरांमध्ये या जोडप्याची छाती नाजूक आहे असा समज होता, आणि हळदीकुंकवाला काकूंना आल्याचा काढा मिळायचा.

एकदा इथल्या महाराष्ट्र मंडळाने त्यांचा सत्कार केला. अध्यक्षांनी शाल घालता घालता सांगितलं, की डॉक्टरांनी साता समुद्रापलीकडे वैद्यकक्षेत्रात आपला झेंडा रोवला. बराच वेळ तो झेंडा हॉलमध्ये फडकत राहिला. मग डॉक्टर उत्तराला उभे राहिले. "मी झेंडा रोवला नाही. मी माणसं झोपवायचो आणि उठवायचो. बहुतेक सगळी उठली." आणि बसले. काकूंना खोकायलाही वेळ मिळाला नाही.

या माणसाला एकच वेड होतं, आणि ते पिवळ्या रंगाचं होतं.

फार वर्षांपूर्वी एका वैद्यकीय परिषदेसाठी ते अमेरिकेच्या मधोमध कुठेतरी गेले होते. दुपारची भाषणं ऐकवेनात म्हणून भाड्याची गाडी काढून सरळ रस्त्याने निघाले. पुढची गोष्ट ते चारचौघांतसुद्धा जशी घडली तशीच सांगत, "लघवीला थांबलो. रस्त्याच्या कडेला उतरलो, तर समोर कमरेएवढं गवत. क्षितिजापर्यंत. वारा सुटलेला. आणि गवताच्या मध्ये मध्ये ही फुलं. मला वाटलं, दहिवडीच्या पुढे आलो."

ते माण तालुक्यातले. पाऊस जिथे वाट चुकून येतो तिथले.

ते फूल म्हणजे रानातलं सूर्यफूल. आपल्या ओळखीचं सूर्यफूल दरवर्षी पेरावं लागतं, त्याला एकच मोठं तोंड असतं आणि हंगाम संपला की ते मरतं. हे तसं नाही. हे वर्षानुवर्षं जगतं. थंडीत वरचं सगळं वाळून जातं, खाली मुळं शाबूत असतात, आणि वसंतात त्यातून पुन्हा कोंब येतात. सप्टेंबर आला की माणसापेक्षा उंच दांड्याला अर्ध्यापासून शेंड्यापर्यंत तळहाताएवढी पिवळी फुलं लागतात. पानं मधल्या शिरेवर दुमडलेली आणि कोयत्यासारखी खाली वाकलेली. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात ते गवताच्या आधाराने उभं राहतं. चांगली जमीन मिळाली, खतपाणी मिळालं, की उंच आणि लेचंपेचं होऊन आडवं पडतं. त्याचं शास्त्रीय नाव कुठल्याशा जर्मन राजपुत्रावरून ठेवलेलं आहे. डॉक्टर ते नाव कधी घेत नसत. म्हणत, "राजपुत्र घोड्यावरून गेला. फूल आधीपासून तिथे होतं."

निवृत्त झाल्यावर त्यांना घराजवळ एक अलॉटमेंट मिळाली. म्हणजे भाजीपाला लावण्यासाठी कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. तिथे शेजारीपाजारी शेणखताच्या गोण्या आणत असताना डॉक्टरांनी कुणाच्या तरी पाडलेल्या भिंतीच्या विटांचा चुरा आणि वाळू आणून टाकली. काय करताय असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "जमीन बिघडवतोय." लंडनची चिकणमाती फार सुपीक पडते, असं त्यांचं म्हणणं. मग एका नर्सरीतून रानसूर्यफुलाची रोपं मागवली, मध्ये मध्ये उंच गवतं लावली, आणि घडीची खुर्ची टाकून बसले. पाणी घातलं नाही.

मी गेले तोवर त्याचं खरोखरच माळरान झालं होतं. दोन्ही बाजूंना वाटाणे, कांदे, बांबूंवर चढलेल्या घेवड्याच्या शिस्तीत रांगा, आणि मध्ये हा गवताचा आडदांड चौकोन. डॉक्टर त्यात खुर्चीवर काही न करता बसलेले असत.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"या देशात हिरव्याचा कंटाळा येतो," ते म्हणाले. "बाराही महिने हिरवं. डोळ्याला जरा सुकलेलं काही दिसलं की हे लोक पाइप घेऊन धावतात. जरा गप्प बस आणि ऐक."

मी ऐकलं. वाळक्या गवतातून वारा जात होता. विदर्भातली असले तरी तो आवाज मलाही ओळखीचा वाटला.

अलॉटमेंटच्या कमिटीचे चेअरमन होते, त्यांना मात्र तो आवाज आवडत नव्हता. हे गृहस्थ गळ्यात लॅमिनेट केलेलं ओळखपत्र घालून फिरत. तिथे त्यांना न ओळखणारं कुणी नव्हतं, पण कांद्यांना कदाचित शंका आली असती. त्यांचा अभिमानाचा विषय म्हणजे मॅरो. मॅरो हा आपल्या दुधीचा धिप्पाड आणि निर्बुद्ध भाऊ. चेअरमन त्याला वाढवून वाढवून लहान मुलाएवढा करत, सप्टेंबरच्या प्रदर्शनात टेबलावर आडवा ठेवत, त्याला बक्षिसाची फीत लागे, आणि मग तो खताच्या ढिगाऱ्यावर जाई. तो कधी कुणी खाल्ल्याचं ऐकिवात नव्हतं.

चेअरमननी डॉक्टरांच्या तुकड्याला एकदा 'निग्लेक्टेड' म्हटलं. बाकी कशाला न चिडणारे डॉक्टर त्या दिवशी जेवताना चिडलेले होते.

"आमच्या गावच्या माळालासुद्धा सरकारी कागदावर पडीकच म्हणायचे," ते म्हणाले. "तिथे तितर होते, खोकडं होती. लांडगे होते. मेंढरं चरायची. पण पडीक म्हटलं, की कुणीही यावं आणि काहीही करावं. मागच्या खेपेला गेलो तर प्लॉट पाडलेले. तारेचं कुंपण, पाटी, आणि आत काही नाही. आता ते खरं पडीक झालं."

काकूंनी त्यांच्या पानात भात वाढला.

होळीचं प्रकरण त्यानंतरचं.

गवताळ प्रदेशाला आग लागावी लागते. आगीने वरचं वाळलेलं जळतं, झुडपांचा पसारा आटोक्यात राहतो, मुळांना मात्र धक्का लागत नाही, आणि उघड्या जमिनीतून नवे कोंब जोमाने येतात. तिकडे हे काम हिवाळा सरता सरता करतात. डॉक्टरांच्या लक्षात आलं, की आपणही नेमकं तेव्हाच करतो. अलॉटमेंटच्या नियमात मार्चअखेरपर्यंत शेकोटीला परवानगी होती. त्यांनी भोवती माती खणून पट्टा मोकळा केला, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या आणि मंडळातल्या लोकांना होळीला बोलावलं. काकूंनी पुरणपोळ्या केल्या. काही लोक थेट ईलिंगहून आले. नारळ वगैरे झाला. डॉक्टरांनी काडी लावली. वाळलेले दांडे आणि गवत ते. भस्सकन ज्वाळा वर गेली. आणि इतक्या वर्षांच्या सभ्य इंग्रजी वास्तव्यात गळ्यात अडकून राहिलेलं जे काही होतं ते सगळं बाहेर काढत, डॉक्टर, सर्जन, फायनान्सवाले, अकाउंटंट, सगळ्यांनी तोंडावर उलटे हात मारत बोंबा ठोकल्या.

कुंपणापलीकडच्या घरातल्या लोकांना धूर दिसला आणि माणसांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. त्यांनी जे करायला हवं तेच केलं.

बंब आला तेव्हा आग विझलेली होती. काळ्या राखेच्या कडेला पन्नासेक माणसं कागदी डिशमध्ये पुरणपोळी खात होती. एका फायरमननेही खाल्ली आणि वर तूप मागून घेतलं. त्यांच्यामागून चेअरमन आले. ओळखपत्र गळ्यात होतं.

"आग नियमात बसते, डॉक्टर," ते म्हणाले. "पण ओरडा कशासाठी?"

"ते आवश्यक असतं," डॉक्टर म्हणाले. "होळीला बोंब मारायची असते. कुणाच्या तरी नावाने."

"अस्सं. मग आज कुणाच्या नावाने मारलीत?"

काकू पुरणपोळीचा डबा हातात घेऊन जिवाच्या आकांताने खोकल्या. मीही खोकले.

"यंदा तुमच्या," डॉक्टर म्हणाले.

इंग्रज माणूस चिडला की जास्त सभ्य होतो. चेअरमननी "इतक्या स्पष्टपणे सांगितल्याबद्दल आभारी आहे" म्हणून हात मिळवला. आठवड्याने नोटीस आली. तुकड्यातला मोठा भाग खाण्याजोग्या पिकाखाली असायला हवा, तो तसा नाही. सप्टेंबरमध्ये कमिटी पाहणीला येईल. तोवर सुधारणा झाली नाही, तर तुकडा वाट बघणाऱ्या पुढच्या माणसाला देण्यात येईल.

"अर्ध्यात बटाटे लावा ना, काका," मी म्हटलं.

"अर्धं माळरान म्हणजे काय असतं, माहितीये? अंगण."

"मग कमिटीला काय सांगणार?"

"खरं ते. की हे खायला लावलेलं नाही."

त्यांनी काहीच केलं नाही. पण रोज संध्याकाळी ते खुर्ची घेऊन जायला लागले. राखेतून कोंब वर येत होते. पाऊस असला तर छत्री उघडून बसत. एखाद्या पेशंटपाशी बसावं तसे. नव्वदीकडे झुकलेला माणूस, आणि वाट बघणाऱ्यांची यादी अशी, की गेलेला तुकडा पुन्हा मिळायला त्यांना आणखी एक जन्म लागला असता.

याच सुमारास काकूंनी स्वयंपाकघरात एक विचित्र उद्योग सुरू केला. एका गुरुवारी ताटात काप आले. रव्यात घोळवून परतलेले, दिसायला सुरणाच्या कापांसारखे.

"काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्या माळरानावरचं. मुळं आहेत. तिकडचे मूळचे लोक खायचे म्हणे, तुम्हीच सांगितलं होतंत."

डॉक्टरांनी चावून बघितलं. "ओल्या खडूसारखं लागतंय."

"खा."

पुढच्या गुरुवारी गोडा मसाला घालून रस्सा. मग दाण्याचं कूट घालून भाजी. एक लोणचंही झालं, त्यात फक्त मोहरी चांगली लागत होती. ही मुळं पोटात गेल्यावर काय काय करतात ते दुसऱ्या दिवशी तिघांनाही कळायचं, पण त्या विषयावर काकूंनी खोकायलासुद्धा परवानगी दिली नव्हती.

"मी ते खाण्यासाठी लावलेलं नाही," डॉक्टर प्रत्येक गुरुवारी म्हणत.

"माहितीये. खा."

मी एकदा भांडी घासता घासता विचारलं, "काकू, त्यांना आवडत नाही, आपल्यालाही आवडत नाही. मग कशाला करता?"

"तू आयटीतली ना?" काकू म्हणाल्या. "लाइव्ह जायच्या आधी टेस्टिंग करता की नाही तुम्ही? मग गप्प बस आणि ते पातेलं दे इकडे."

सप्टेंबर आला. आगीनंतर असं काही पीक आलं होतं, की डॉक्टर स्वतः थक्क झाले. दांडे सरळ, एकही आडवा नाही. अर्ध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळा रंग, त्यात मधमाश्या. चेअरमन आणखी दोन कमिटीवाल्यांना घेऊन आले तेव्हा फुलं त्यांच्या डोक्यावरून बघत होती. डॉक्टरांनी सूट घातला होता. काकूंच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत स्टीलचा डबा.

"प्रश्न एकच आहे, डॉक्टर," चेअरमन म्हणाले. "यातलं काही खाण्याजोगं आहे का?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. गवताळ प्रदेशावरचं त्यांचं भाषण मी आठवडाभर जिन्यावरून ऐकत होते. त्याचं पहिलंच वाक्य होतं, की ही वनस्पती खाण्यासाठी लावलेली नाही.

"अहो," काकू मराठीत म्हणाल्या, "गुरुवारी काय जेवलात ते सांगा त्यांना."

डॉक्टर थांबले. त्यांनी काकूंकडे बघितलं. मग फुलांकडे. मग पुन्हा काकूंकडे, आणि या खेपेला जरा जास्त वेळ.

"आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "मुळं खातात."

"कोण खातं?"

"मी. एप्रिलपासून. दर गुरुवारी. माझी बायको करते."

कमिटीतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चेअरमननी पुढचा प्रश्न विचारायला नको होता, पण माळी माणसाला राहवत नाही. "कसं लागतं?"

काकूंना खोकल्याची उबळ आली. मलाही आली. आम्ही दोघी खोकत उभ्या होतो आणि डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अत्यंत वाईट."

मग चेअरमन पलीकडे आपल्या मॅरोच्या वाफ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही कधी मॅरो खाल्लाय, डॉक्टर?"

"एकदा."

"आणि?"

"याच्याहून वाईट."

काकूंनी आकाशाकडे बघितलं. चेअरमन आधी नुसतेच हलायला लागले, मग ते ओळखपत्र हलायला लागलं, आणि मग आमच्या लक्षात आलं की ते हसताहेत. "माझी बायको जन्मभर हेच म्हणायची," ते म्हणाले. "होती तोवर."

मग त्यांनी डबा मागितला. एक काप तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि इंग्रज माणूस अशा वेळी जे म्हणतो ते म्हणाले, "इंटरेस्टिंग."

"खरं सांगा," डॉक्टर म्हणाले.

"भयंकर आहे." आणि सोबतच्या दोघांकडे वळून ते म्हणाले, "पण भाजी आहे. लिहून घ्या." जाता जाता त्यांनी एक अट मात्र घातली. पुढच्या वर्षीची बोंब कुणाच्या नावाने आहे ते आधी कळवायचं. पुढच्या होळीला ते स्वतः हजर होते. बोंब कौन्सिलच्या नावाने होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज ओळखपत्रवाल्याचा होता.

पाहणीनंतर आम्ही तिघं घरी चालत आलो. कोपऱ्यावर डॉक्टर थांबले. मग म्हणाले, "तू हे एप्रिलपासून ठरवलं होतंस."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," काकू म्हणाल्या. "मग खरं आधीच शिजवून ठेवायला नको?"

मी आता मिल्टन कीन्सला राहते. घर घेतलं तेव्हा डॉक्टरांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मुळांचा तुकडा आणून दिला होता. घर दाखवल्यावर "कसं आहे, काका?" असं मी विचारलं, आणि ते लगेच खोकले. मुळं मी मागच्या कुंपणाशी लावली आहेत. पाणी घालत नाही. शेजारीण कनवाळू आहे, ती कधी कधी कुंपणावरून पाइप धरते, तेव्हा मला धावत जाऊन तिला थांबवावं लागतं.

पाहणी आता दर सप्टेंबरला होते, आणि दर सप्टेंबरला चेअरमन तोच प्रश्न विचारतात. त्यामुळे तेच उत्तर खरं राहण्यासाठी जे करावं लागतं, ते डॉक्टर करतात. गुरुवारी संध्याकाळी मी फोन करते.

"काय चाललंय, काका?"

पलीकडून बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज येतो.

"माळरान खातोय," ते म्हणतात. "अजून अर्धी वाटी आहे."

मागून काकू खोकतात.